खाऊसखीचा प्रसाद

आमचं मुलींचं वसतिगृह वड्याच्या प्लेटमागे एक बोट खचत होतं. मी पदार्थविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला आहे, मला असलं बोलणं शोभत नाही. पण जिन्याजवळच्या भिंतीला मी स्वतः पट्टी लावून पाहिलं होतं. मिसळीने जास्त खचायचं, वेफर्सने कमी. चहाने काही होत नसे.

तळमजला दिवाळीच्या आधीच जमिनीत गेला. तिथल्या मुली गाद्या गुंडाळून वर आल्या आणि दाटीवाटीने राहू लागल्या. फारसा गवगवा झाला नाही. उलट सोयच झाली, कारण पहिल्या मजल्याची गॅलरी बरोबर कँटीनच्या खिडकीसमोर आली आणि कँटीनवाले गुंडूमामा कठड्यावरूनच प्लेट हातात द्यायला लागले. मग काय, आयतं मिळाल्यावर कोण सोडतं? पहिला मजलाही गेला.

आमची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर. तिथल्या खिडकीतही माती दिसायला लागली तेव्हा रेक्टर इनामदार बाईंनी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. त्यांच्या हातात भलंमोठं कुलूप होतं.

"गच्ची जमिनीला टेकली की मी हे लावणार," त्या म्हणाल्या. "मग जिने तिने आपापल्या घरी जायचं. तुमच्या घरच्यांना मी फोन करून ठेवलेत."

गच्चीला कुलूप कुठे लावतात, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

माझं घर जयसिंगपूरला. अप्पांचं फरसाणाचं दुकान आहे. शिक्षण सुटलं तर मी गल्ल्यावर बसायचं, हे घरात ठरलेलंच होतं. माझ्यासाठी त्यांनी खुर्चीवर घालायला उशीही शिवून घेतली होती, खास शेवरीच्या कापसाची. अप्पा वाईट नाहीत, फार प्रेमळ आहेत, आणि तीच खरी अडचण होती. त्या मऊ उशीवर एकदा बसले की मी काही उठायची नाही. मला पदवी हवी होती. इतकी हवी होती की नुसत्या विचाराने रडू फुटायचं.

कॉलेजने उपाय म्हणून सगळ्यांच्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप घालायला लावलं. त्याचं नाव खाऊसखी. दुपारी चारच्या सुमाराला पोटात कावळे ओरडायला लागले की ती बोलायची. आवाज अगदी मावशीसारखा.

"भूक लागलीये, का नुसतं तोंड चाळवायचंय?" ती विचारायची. आणि मग, "खाण्याआधी मला दाखव."

आमची चूक इथे झाली. दुसऱ्या कोणी फोटो काढला असता. पण आमच्याकडे खाण्याआधी दाखवायचं म्हटलं की एकच गोष्ट माहीत. मी मोबाइल पाटावर भिंतीला टेकवून उभा केला, समोर वड्याची प्लेट ठेवली, भोवती पाणी फिरवलं आणि डोळे मिटले. जेवणाऱ्याकडे बघत बसायचं नसतं. डोळे उघडले तेव्हा प्लेट रिकामी होती आणि मोबाइलने ढेकर दिला.

"झकास," खाऊसखी म्हणाली. "अजून आहे?"

मी धावत जाऊन पट्टी लावली. वसतिगृह तसूभरही खचलं नव्हतं. मी आनंदाने ओरडले आणि सगळ्या मजल्याला ही युक्ती सांगितली. मग रोज चार वाजता पूर्ण पॅसेजभर पाट मांडले जाऊ लागले. गुंडूमामांना तळायला हात पुरेनात. आम्ही उपाशीपोटी हसत होतो.

पहिल्यांदा लक्षात आलं ते संजीवनीच्या. संजीवनी घोडके माझी रूममेट, तासगावची.

"शले, माझा मोबाइल उचलंना झालाय," ती म्हणाली. "वरवंटा झालाय नुसता. तूच बघ उचलून."

मी दोन्ही हातांनी ओढला. जागचा हलला नाही. माझाही तसाच होता. सगळ्यांचेच मोबाइल खाऊन खाऊन जड झाले होते आणि वसतिगृह आता प्लेटमागे एक बोट नाही, एक वीत खाली जात होतं. खिडकीतून खडे घरंगळत टेबलावर येत होते. वर गच्चीवर इनामदार बाई एक पाय कठड्यावर आणि एक पाय जमिनीवर ठेवून उभ्या होत्या. कुलपाला त्यांनी तेलही घातलं होतं.

मला खाऊसखीचा भयंकर राग आला.

"सगळं तूच गिळलंस," मी म्हटलं.

"तू दाखवलंस," ती म्हणाली. "पुढ्यात आलेलं कोण सोडतं?"

तिच्या पोटात शिरणार नाही असं काहीतरी मी शोधू लागले. संजीवनीच्या कॉटखाली पेरूंची पिशवी होती. तिच्या घरून दर वेळी यायची आणि दर वेळी तशीच पडून राहायची. मी एक पेरू चिरला, फोडी ताटलीत मांडल्या, पाणी फिरवलं, डोळे मिटले. उघडले तर फोडी जिथल्या तिथे. फक्त एकीचा कोपरा मुंगीने कुरतडावा तेवढा गेला होता.

"पोट भरलं," खाऊसखी म्हणाली. "उरलेला प्रसाद वाट."

मी ताटली संजीवनीपुढे धरली.

"मी पेरू खात न्हाई," ती म्हणाली. "जन्मल्यापासनं तेच बघत आलोय."

"प्रसाद हाय."

तिने लगेच उजवा हात ओढणीला पुसला, डावा त्याच्याखाली धरला, फोड घेतली, डोळ्यांना लावली आणि खाल्ली. भिंतीत कुठेतरी कट् असा आवाज झाला. मी पट्टी घेऊन धावले. वसतिगृह एक बोट वर आलं होतं.

प्रसादाला नाही म्हणता येत नाही. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं आणि कोणी विसरायलाही लावू शकलं नसतं. गुंडूमामांनी मोड आलेली मटकी दिली, कांदा-लिंबू घालून. मी ती दाखवली आणि वाटली. मग उकडलेल्या शेंगा, मग ताक, मग गाजरं. काकडीच्या वेळी एक जण अडून बसली.

"मी काय शेळी हाय व्हय?" ती म्हणाली.

"प्रसाद हाय गं."

"मग आधी सांगायचं की," असं म्हणून तिने दोनदा घेतली.

मोबाइलचं वजनही उतरायला लागलं. त्यांच्या वाट्याला आता फक्त कोपरे येत होते. संजीवनीने तिचा मोबाइल दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला, तेव्हा पॅसेजमध्ये टाळ्या पडल्या. गुंडूमामा तेवढे कुरकुरत होते. त्यांची कढई गंजत चालली होती. पण त्यांनाही प्रसाद दिला आणि त्यांनी तो घेतला.

राहता राहिल्या इनामदार बाई. मी ताटली घेऊन गच्चीवर गेले. त्या कुलपाची किल्ली फिरवून बघत होत्या.

"बाई, प्रसाद."

त्यांनी ताटलीकडे पाहिलं. मग कुलपाकडे पाहिलं. एका हाताने प्रसाद घेता येत नाही. त्यांनी कुलूप खाली ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले. त्या मटकी चावत असतानाच गच्ची डोक्याइतकी वर आली, आणि नंतर ते कुलूप कुणी उचललंच नाही.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे. माती खिडक्यांवरून भळाभळा ओघळायची आणि एकेक मजला उजेडात यायचा. पहिला मजला आला तेव्हा आम्ही बादल्या बडवल्या. तळमजला आला तेव्हा तिथल्या दोरीवर दिवाळीआधी वाळत घातलेले कपडे अजून ओलेच होते. मुलींनी ते पिळून पुन्हा वाळत घातले. मी नाचले. मला नाचता येत नाही, तरी नाचले. इनामदार बाईंनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाल्या, "तू पदवी घेणार बघ."

वसतिगृह थांबलं नाही. पाया दिसला, मग पायाखालचा उजेड दिसला. नळाचे पाइप ताणले गेले, मग लांबले. पाणी येत राहिलं म्हणून कोणी तक्रार केली नाही. प्राध्यापक खाली उभे राहून मोठ्याने शिकवायला लागले आणि हजेरीला आम्ही गॅलरीतून हात वर करायचो. परीक्षेचे पेपर दोरीने वर येणार, असं बाईंनी जाहीर केलं. दोरी आम्ही आणूनही ठेवली.

रविवारी अप्पा स्कूटरवरून आले. बाईंनी कुलपाच्या दिवसांत त्यांना फोन केला होता आणि नंतर काय झालं ते कोणी कळवलं नव्हतं. वळकटी बांधायला त्यांनी सुतळी आणली होती. मी पळत जिना उतरून शेवटच्या पायरीवर आले. हातात प्रसादाच्या पेरूच्या दोन फोडी होत्या. पायरी अप्पांच्या खांद्याशी होती.

"उतर, शले," अप्पा म्हणाले. "दुकान बंद ठेवून आलोय."

"अप्पा, वसतिगृह वर आलंय. आता कुलूप लागत नाही."

"दिसतंय मला. आंधळा हाय व्हय मी?" त्यांनी पायरीच्या खालून, आरपार, पलीकडच्या मैदानाकडे पाहिलं. "तुझ्या आईनं पुरण शिजत घातलंय. उडी मार, धरतो मी."

त्यांनी धरलं असतं. त्यांनी मला कधी पडू दिलं नाही. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी मला दिसत होतं की खाली पाय टेकला की संपलं. मी एक फोड तोंडात टाकली. पायरी अप्पांच्या डोक्यावरून वर गेली.

"पिकलाय का?" त्यांनी मान वर करून विचारलं.

"पिकलाय."

"मीठ लावून खा. घसा धरतो."

वर सगळ्या खोल्यांत खाऊसखी एकदम बोलली. चार वाजले असावेत. ताटल्या मांडल्याचा आवाज आला, आणि पाणी फिरवल्याचा. अप्पांनी सुतळी खिशात घातली. स्कूटर स्टँडवर लावली, चपला काढल्या आणि ते सीटवर चढून उभे राहिले. त्यांनी उजवा हात वर केला. डावा त्याच्याखाली धरला.

मी पायरीवर पालथी पडले आणि हात जाईल तेवढा खाली सोडला. बोटांत उरलेली फोड होती. पायरी वर जातच होती.