वेळेवर रिकामी होणारी बाटली

बाईंनी शिंप्याची औषधाची बाटली टेबलावर पालथी घातली. एकही गोळी पडली नाही. दर महिन्याला अशीच, ठरल्या दिवशी रिकामी. एचआयव्हीच्या या दवाखान्यात रुग्णांना समजावून सांगायचं काम बाई अकरा वर्षं करत होत्या, आणि एवढ्या वर्षांत त्यांना पटलेली गोष्ट एकच होती: ही माणसं मुळात नालायक. फुकटचं औषध, दिवसाला एक गोळी, तीही घशाखाली उतरत नाही. कुणाला मळमळतं, कुणाच्या घरी पाहुणे येतात, कुणाला तर म्हणे बरंच वाटायला लागतं. सगळी नाटकं. त्यात हा शिंपी तेवढा सरळ, म्हणून त्या इतरांना त्याचं उदाहरण देत.

आज मात्र त्याच्या रक्ताचा अहवाल आला होता. विषाणू भरमसाट वाढले होते.

"गटारात टाकता ना गोळ्या?" बाहेरच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात बाई म्हणाल्या. "मला शेंडी लावता?"

"टाकत नाही, बाई." त्याने गळ्यातली टेप काढून बोटाला गुंडाळली. "एक दिवस मी घेतो, एक दिवस ती."

"ती कोण?"

"बायको. तिलाही आहे."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, अशाने दोघंही जाल! अक्कल गहाण टाकलीय का? तिला तिची बाटली मिळेल की. इथे यायला काय पाय मोडलेत तिचे?"

"येत होती. दोन वर्षांपूर्वी तिला दहा दिवस उशीर झाला, तेव्हा तुम्ही रांगेसमोर म्हणालात, मरायचंच असेल तर घरी मर, आमची औषधं कशाला नासतेस. तेव्हापासून पायरी चढत नाही."

बाई आठवू लागल्या. चेहरा काही केल्या आठवेना. ते वाक्य त्या दर आठवड्याला चार जणांना तरी ऐकवत. आज सकाळीही ऐकवलं होतं.

"आत्ता कुठे आहे?"

"खाली, फाटकापाशी. दर महिन्याला येते माझ्याबरोबर. वर बाई आहेत का, विचारते. आहेत म्हटलं की तिथेच बसते."

बाईंनी अहवाल घडी घालून फाइलीत ठेवला. जेवणाच्या सुट्टीआधी त्या कधी खुर्ची सोडत नसत. आज उठल्या, पर्स घेतली आणि नर्सला म्हणाल्या, "हे आणि यांची बायको, दोघांना आत्ताच डॉक्टरांकडे ने. मी तासभर नाही."

मग शिंप्याकडे न बघता म्हणाल्या, "तिला सांगा, बाई नाहीत."

आणि त्या मागच्या जिन्याने उतरल्या.