आरूचा बल्ब

नागुबाईने निकाल शनिवारीच देऊन टाकला होता. उद्या नवऱ्याच्या, बाळाप्पाच्या, जुन्या राजदूत मोटरसायकलचा दिवा लागला तर गाडी घरात, नाही लागला तर अळणावरला. अळणावरला म्हणजे लक्ष्मणच्या शेतात. लक्ष्मण हा बाळाप्पाचा रेल्वे वर्कशॉपमधला जुना सोबती. रिटायर होऊन गावी गेला, आणि आता त्याला राजदूतचं इंजिन काढून कडबा कापायचं यंत्र चालवायचं होतं. ही गोष्ट त्याने बाळाप्पाशी न बोलता थेट नागुबाईच्या कानावर घातली. माणूस हुशारच.

बाळाप्पाला हे पटेना. ज्या गाडीवर बसून सगळी हुबळी पालथी घातली, तिने म्हातारपणी कडबा कापायचा? पण नागुबाईचंही चूक नव्हतं. सप्तापुरात त्यांच्या दोनच खोल्या, पुढचा कट्टा गाडीने अडवलेला, आणि तिला तिथे कॉलेजच्या पोरांना जेवणाचे डबे विकायला टेबल मांडायचं होतं.

रविवारी चहा झाल्याबरोबर बाळाप्पा वायरी घेऊन बसला. मंडपवाल्याकडून उरलेली वायर फुकट मिळाली होती, सगळी लाल.

"अज्जा, सगळीच लाल? कुठली कुठे जाते ते कसं कळणार?" नातीने, आरुषीने, विचारलं.

"जोडणारा मी, मला कळतं."

थोड्याच वेळात त्याला स्वतःलाच कळेना. तरी तो हटला नाही. तसं जुन्या गाडीचं गणित साधंच. इंजिन फिरलं की मॅग्नेट फिरतं. त्याच्यातून एक वायर दिव्याला जाते, दुसरी बॅटरी चार्ज करायला. इंजिन थांबलं की दिवाही थांबला. बॅटरी त्याने सुभाष रोडला चार्ज करून आणलीच होती, आणि तिथूनच सहा व्होल्टचा बल्बही. दुकानदाराने तो कुठल्याशा खोक्याच्या तळातून काढला. "हा शेवटचा, अण्णा. आता सगळ्यांना बाराचेच लागतात," असं बजावून दिला.

"अर्थ मिळत नाही," बाळाप्पा अर्थिंगची वायर टेकवायला चेसीवरचा रंग खरवडत पुटपुटला.

"मी लग्नापासून तेच म्हणते," आतून नागुबाई बोलली.

रंग निघाला, अर्थ मिळाला, आता बल्ब बसवायचा. हात ग्रीसने काळे. बाळाप्पाने हाक मारली, "अगं, फळीवरचा आरूचा बल्ब दे!"

आता, कन्नडात आरु म्हणजे सहा. बाळाप्पा घरात मराठी बोलायचा, पण पाना, नट, व्होल्ट हे सगळं तो वर्कशॉपात कन्नडात शिकलेला, त्यामुळे असल्या कामात आकडे तोंडातून कन्नडच बाहेर पडत. घरात मात्र आरू म्हणजे आरुषी. आणि फळीवर आरुषीनेही आपल्या स्कूटरचा नवा बल्ब आणून ठेवला होता, बारा व्होल्टचा. हा माणूस आता नातीचंही ओरबाडायला लागला, असं मनात म्हणत नागुबाईने तोच त्याच्या हातावर ठेवला.

बल्ब चपखल बसला. किक मारली, गाडी खोकली, सुरू झाली. दिव्यात उदबत्तीच्या टोकाएवढा तांबडा ठिपका दिसला. बाळाप्पाने पुन्हा वायरी उपसल्या.

तेवढ्यात रस्त्यावरून आरुषी ओरडली, "अज्जा! माझा नवा बल्ब उडाला!" फळीवर उरलेला बल्ब तिने स्कूटरला लावला होता. बटण दाबलं, लख्ख झालं, टप्प झालं. काच आतून काळी.

बाळाप्पाने बल्ब पुसून आकडा वाचला. सहा. "अगं, हा तर आरूचा!"

"माझाच तर म्हणते मी!"

"तुझा नव्हे, आरूचा!"

"मग मी कोण?"

"अगं आरु, आरु! ऐदु, आरु, एळु!"

नागुबाई दारात आली. "तुम्हीच म्हणालात ना आरूचा? मराठीत मागायला काय झालं होतं? बल्ब काय कन्नड शाळेत जातो?"

"काही म्हणा, आरूचा आरला," आरुषी म्हणाली. कन्नडात विझणं म्हणजेही आरुच. दोघी पदर आणि ओढणी तोंडाला लावून हसल्या. बाळाप्पाला हसू येईना, कारण गल्लीच्या तोंडाशी लक्ष्मणचा टेंपो वळत होता.

"काय बाळाप्पा, दोर आणलाय बांधायला!" लक्ष्मण उतरला आणि ऐटीत खुर्चीवर बसला. "दाखव तुझा दिवा."

बाळाप्पाने बल्बकडे पाहिलं. बाराचा बल्ब, सहाची गाडी. म्हणजे हा उपाशी आहे. त्याला जास्त खायला घातलं तर? त्याने बॅटरीची वायर उपटली. आता ती मधे बसून जावयासारखी खाणार नव्हती. मग किक मारून त्याने ॲक्सिलरेटर पिळला. इंजिन किंचाळलं, धुराने कट्टा भरला, आणि दिवा तांबड्याचा पिवळा, पिवळ्याचा पांढरा झाला. सहाचा बल्ब एवढ्या विजेने कधीच उडाला असता. हा ढेकर देऊन जळत होता.

"लागला!" बाळाप्पा ओरडला आणि हात जरा सैल सोडला. दिवा लगेच उदबत्ती.

लक्ष्मणने ते बरोबर हेरलं. "छान. आता माझा चहा होईपर्यंत असाच जळू दे. वहिनी, बशी पण द्या."

चहा आला. लक्ष्मण बशीत ओतायचा, फुंकायचा, पुन्हा कपात ओतायचा. बाळाप्पाचं मनगट भरून आलं. शेजारचे लोक धुरातून डोकावून गेले.

"लक्ष्या, पी की!"

"पोळतंय रे. वहिनी, अजून अर्धा कप मिळेल? आणि सोड हट्ट, बाळाप्पा. गाडी म्हातारी, तू तिच्याहून म्हातारा. दोघांनाही आता ढकलूनच न्यायला पाहिजे."

नागुबाई किटली घेऊन आली होती. ती थांबली. आतापर्यंत ती लक्ष्मणच्याच बाजूची होती. पण नवऱ्याला म्हातारा म्हणायचं काम तिचं होतं, ते तिने कुणाला वाटून दिलं नव्हतं. तिने लक्ष्मणच्या हातातली बशी काढून घेतली आणि चहा मोरीत ओतला.

"झाला चहा. दिवा लागला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. उठा लक्ष्मणअण्णा, जाताना माझं डब्यांचं टेबल तेवढं मागच्या दारात सरकवा."

"अहो वहिनी, पण हा फसवतोय! हात सोडायला सांगा!"

"हात सोडायचं ठरलं नव्हतं. लागायचं ठरलं होतं."

लक्ष्मणने टेबल सरकवलं. टेंपो गल्लीबाहेर गेला तरी इंजिन किंचाळतच होतं.

"अहो, बास झालं! साकु!" नागुबाई कानावर हात ठेवून ओरडली. "गेला तो!"

"कळलं गं," बाळाप्पा म्हणाला, "पण बोटं उघडेनात."