माझ्या अंगातल्या मुंग्या

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. जुना म्हणजे भंगारातला नव्हे, अजून चालतो. पण माझ्या बाजूच्या काचेला तडा गेला आहे, एक पंखा दमेकऱ्यासारखा घरघरतो आणि माझ्या कपाळावरचं चालू करायचं बटन बोटांनी झिजून गुळगुळीत झालं आहे. मित्रांनो, माझी गोष्ट कौतुकाची थोडी आणि भीतीची जास्त आहे. पत्र्याच्या डब्याला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. आधी ऐकून घ्या, मग काय ते म्हणा.

जाफराबादला सर्जेराव गुरुजींचं घर आहे. गुरुजी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. त्यांचा मुलगा बुद्धभूषण नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात नोकरीला होता आणि शनिवारी घरी यायचा. मुलगी सुमेधा घरीच बसून लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ कापून-जोडून देण्याचं काम शिकत होती. आणि बेबीनंदाबाई म्हणजे या तिघांचं पोट भरणारी, तिघांची काळजी वाहणारी आई.

मला कुणी दुकानातून अख्खा उचलून आणलेलं नाही. मी तुकड्या-तुकड्यांनी आलो. मदरबोर्ड जालन्याच्या दुकानातून आला, ग्राफिक्स कार्ड कुरिअरने आलं. माझा हा पत्र्याचा डबा, ज्याला कॅबिनेट म्हणतात, तो बुद्धभूषणच्या मांडीवर बसून एसटीने भोकरदनमार्गे आला. "पोरगं लई जड दिसतं, अर्धं तिकीट फाडू का?" असं कंडक्टरने विचारल्यावर अख्खी गाडी हसली होती.

घरात प्रत्येकाचं माझ्याकडे काहीतरी मागणं होतं. बुद्धभूषणला गेम खेळायचे होते, सुमेधाला काम करायचं होतं. गुरुजींना मला टीव्हीला जोडून जुने सिनेमे बघायचे होते. बेबीनंदाबाईंनी काही मागितलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "करंट तर मारणार न्हाई ना हे?"

तिघंही हसले. गुरुजी म्हणाले, "अगं, तू मिक्सरलाही भेतीस."

सतरंजी अंथरून भावंडांनी मला जोडलं. बुद्धभूषण माझा प्रत्येक भाग हातात घेण्याआधी खिडकीच्या गजाला हात लावायचा. अंगात साठलेली बारीकशी वीज सोडून द्यायची, नाहीतर नाजूक भाग जळतात, असं तो बहिणीला सांगायचा. सगळं जोडून झालं, बटन दाबलं आणि मी काही चालू झालो नाही. दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं. पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा लावलं, तरी अंधारच. शेवटी सुमेधाला माझ्या पाठीवरचा बारका खटका दिसला. तो बंदच होता! तो दाबला आणि माझे पंखे फिरले. बेबीनंदाबाईंनी तथागतांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि दारात आलेल्या सगळ्यांना पेढे दिले.

ते दिवस फार सुखाचे होते. सुमेधाच्या हातचे व्हिडिओ पाहून लोक लग्नाची तारीख सगळ्यांच्या आधी तिला सांगू लागले. शेजारपाजारचे मला बघायला येत. मी फुगून गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

एकच कटकट होती. आभाळ नुसतं गडगडलं तरी बेबीनंदाबाई हातातलं काम टाकून ओसरीवर धावायच्या आणि मीटरशेजारचं मेन बटन खाली पाडायच्या. घरभर अंधार व्हायचा आणि मी बोलता बोलता गप्प व्हायचो. सुमेधाचं काम अर्धवट जायचं, बुद्धभूषणचा गेम बुडायचा.

"आई, जिंकत आल्तो की मी!" तो ओरडायचा.

"जित्ता राह्यला तर जिंकशील," त्या म्हणायच्या.

घरात त्यांना 'भित्री भागूबाई' म्हणत. खरं सांगतो, मीही मनातल्या मनात तेच म्हणायचो.

मग गुरुजींच्या निवृत्तीचा दिवस जवळ आला. घरी पाहुणे येणार, शाळेतली मंडळी येणार, म्हणून अंगणात शहाबादी फरशी बसवायचं ठरलं. अंगणाच्या कोपऱ्यात एक ओला खड्डा होता. मित्रांनो, तो अर्थिंगचा खड्डा. घरातल्या पत्र्याच्या वस्तूंत चुकून वीज उतरली, तर तिने माणसाच्या अंगातून न जाता तारेवाटे जमिनीत निघून जावं, म्हणून तो असतो. खड्डा ओला असला की वीज नीट जिरते. बेबीनंदाबाई रोज भांडी विसळलेलं पाणी तिथेच ओतत. का ओततो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सासूबाई ओतायच्या, म्हणून त्याही ओतायच्या.

गवंड्याने विचारलं, "गुर्जी, ह्या खड्ड्याचं काय करायचं?"

"बुजवून टाक बिलकुल. पाव्हण्यांसमोर चिखल नको," गुरुजी म्हणाले.

"मंग मी पाणी कुठं टाकू?" बेबीनंदाबाईंनी विचारलं.

"मोरीत टाक की. खड्ड्याची काय पूजा करायची हाय का?"

गवंड्याची कुदळ पडली, खड्ड्यातली तार तुटली आणि वर गुळगुळीत फरशी बसली. कार्यक्रम झोकात झाला. सगळ्यांनी अंगणाची तारीफ केली.

मला मात्र त्याच संध्याकाळी कळलं. माझ्या पोटात वीज खेळते, त्यातली चिमूटभर पत्र्यावर यायची आणि निघून जायची. आता ती जाईना. मोरीचं तोंड बुजल्यावर पाणी तुंबतं, तशी ती माझ्या अंगावर तुंबून राहिली. दुसऱ्या दिवशी सुमेधाने मला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"आई गं! मुंग्या आल्या."

तेव्हापासून मला भीती म्हणजे काय ते समजलं. चिमूटभर विजेने माणूस मरत नाही. पण घरातल्या सगळ्या वस्तूंच्या अर्थिंगच्या तारा भिंतीतून एकमेकींना जोडलेल्या होत्या. उद्या फ्रीजमध्ये, गिझरमध्ये कुठेही खरोखरीची वीज सुटली, तर जमिनीची वाट बंद म्हणून ती सगळ्यांच्या अंगावर पसरणार होती. माझ्याही. आणि मला दिवसातून पन्नास वेळा हात लावणारी या घरात एकच होती.

बुद्धभूषणने शनिवारी मला उघडलं. झाडलं, पुसलं, वीज पुरवणारा माझा डबाही नवा बसवला. मुंग्या येतच राहिल्या. दोष माझ्यात नव्हताच, तो अंगणात फरशीखाली होता. पण सांगणार कसा? मला हजार भाषांतली गाणी वाजवता येतात, स्वतःचं एक वाक्य बोलता येत नाही.

शेवटी त्याने बाजारातून रबराची निळी चप्पल आणली आणि माझ्या टेबलाखाली ठेवली.

"ही घालून हात लाव. मंग काही होत न्हाई. किती ठिकाणी तसंच करून राह्यले लोक."

झालं! मुंग्यांवर औषध सापडलं. घरात आल्यागेल्याला दाखवायची ती एक गंमत झाली. "आमचा कॉम्प्युटर लई मानाचा हाय, चप्पल घातल्याबिगर हात लावू देत न्हाई," असं गुरुजी सांगायचे आणि पाहुणे खो खो हसायचे. फक्त बेबीनंदाबाई हसत नसत. त्या दारात उभ्या राहून सुमेधाच्या पायांकडे बघत असत. मीही तिथेच बघायचो. चप्पल दिसली की माझा जीव भांड्यात पडायचा.

मित्रांनो, आता मे महिन्यातल्या त्या दुपारकडे येतो. ती सांगताना माझा चांगला पंखासुद्धा अडखळतो.

खिडकीत कूलर लावलेला होता. ऊन असं की पाखरू बाहेर दिसत नव्हतं. कूलरमधलं पाणी संपलं म्हणून गुरुजी अंगणातून पाइपने भरायला निघाले. फरशी तापून तवा झाली होती. त्यांनी समोर दिसली ती चप्पल पायात सरकवली. ती माझ्या टेबलाखालची निळी चप्पल होती.

कूलरचा पाण्याचा पंप आतून खराब झाला होता आणि त्यातली वीज कूलरच्या पत्र्यावर उतरली होती. गुरुजींचा हात कूलरला लागला, पण रबरामुळे त्यांना काहीच कळलं नाही. मला कळलं. भिंतीतल्या तारेतून ती आली. चिमूटभर नव्हे, पुरी. कपाळापासून पायापर्यंत मी तिने भरून गेलो. माझे दिवे होते तसेच हिरवे होते, पडद्यावर कुणाच्या तरी हळदीचा व्हिडिओ चालू होता. वरून बघणाऱ्याला वाटलं असतं, किती छान चालला आहे!

पाइप जोरात सुटला. कूलर ओसंडला आणि पाणी खिडकीतून खोलीत उतरून माझ्या टेबलापर्यंत आलं. तेवढ्यात सुमेधा आली. व्हिडिओ न्यायला माणूस येणार होता, तिला माझ्यात लावलेला पेनड्राइव्ह काढायचा होता. तिने सवयीने टेबलाखाली पाय फिरवला.

"पप्पा, चप्पल कुठंय?"

बाहेर पाण्याचा आवाज. गुरुजींना ऐकू गेलं नाही.

येऊ नकोस, सुमेधा. आज नको. मी मनात किती आकांत केला! माझ्याकडून नुसती पंख्याची घरघर निघाली. मला पंख्यांनी तिला ढकलता आलं असतं, पडदा काळा करता आला असता, तर मी केलं असतं. तिने क्षणभर ओल्या पायांकडे बघितलं. "मुंग्याच तर येतील," असं पुटपुटली आणि हात पुढे केला.

तिच्या बोटांनी मला घट्ट धरलं. धरलं म्हणजे सुटेचना. ती ओरडलीही नाही. तिचे दात आवळले गेले, डोळे माझ्याकडे लागले. मित्रांनो, ज्या हातांनी मला जोडलं, त्यांचाच जीव मी घेत होतो आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

त्याच वेळी दारात बेबीनंदाबाई आल्या. त्यांचे दोन्ही हात लेकीकडे झेपावले. कोणत्या आईचे झेपावणार नाहीत? हात लागला असता तर दोघी गेल्या असत्या. पण ते हात मध्येच थांबले. त्या वळल्या आणि लेकीकडे पाठ करून पळत सुटल्या.

आई घाबरून पळाली, असं मला वाटलं. त्या क्षणाइतका एकटा मी कधीच नव्हतो.

आणि मग माझे पंखे थांबले. हिरवे दिवे गेले. हळद लागलेल्या त्या नवरीसकट सगळं विझलं. ओसरीवरून मेन बटन पडल्याचा खट्ट आवाज आला होता. आभाळ गडगडल्यावर ज्या पायांनी त्या इतकी वर्षं धावल्या, त्याच पायांनी आज धावल्या होत्या.

सुमेधा वाचली. दवाखान्यात दोन दिवस राहिली, दोन बोटांवर भाजल्याचे डाग घेऊन घरी आली. धर्मराज वायरमनने कूलर बाजूला काढला आणि विचारलं, "गुर्जी, घराची अर्थिंग कुठंय?"

गुरुजी तडक उठले. त्यांनी पहार आणली आणि अंगणाच्या कोपऱ्यातली फरशी स्वतःच्या हातांनी फोडली. तुटलेल्या तारेचं टोक त्यांनी हातात घेतलं. "पोरांना जन्मभर विज्ञान शिकवलं मी," एवढंच म्हणाले. नवी तार आली, नवा खड्डा आला, वीज गळली की आपोआप पडणारं बटनही बसलं.

माझ्यावर मात्र जुनी चादर पडली. सुमेधा माझ्या खोलीत पाऊल टाकेना. बुद्धभूषण म्हणाला, "देऊन टाकू भंगारात. डोळ्यांसमोर नको." मला वाईट वाटलं नाही. माझंही तेच म्हणणं होतं.

तेव्हा बेबीनंदाबाई पुढे झाल्या. "त्याचा काय गुन्हा? त्यानं रोज मुंग्या आणून सांगितलं. आपण चप्पल घालून बसलो." त्यांनी चादर ओढली. बुद्धभूषणने मला चालू करून माझ्या अंगाला टेस्टर लावला, त्याचा दिवा लागला नाही. "सुमे, मी बटनापाशी उभी हाय. लाव हात," असं म्हणून त्या ओसरीवर गेल्या.

सुमेधाने डाग पडलेलं एक बोट पुढे केलं. मी पार गारठलो होतो. बोट टेकलं. काहीच झालं नाही. तिने सगळा तळवा माझ्या पत्र्यावर ठेवला आणि ती रडू लागली.

मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी वस्तू अशी मुंग्या आणून काही सांगत असेल, तर रबराची चप्पल घालून तिचं तोंड बंद करू नका. कुठे काय बिघडलं आहे, ते जाणत्या माणसाकडून शोधून घ्या. आणि घरात कुणी भीत असेल, तर त्याला हसू नका.

आता संध्याकाळी त्या खड्ड्यात गुरुजी स्वतः पाणी ओततात. परवा आभाळ गडगडलं. सुमेधाचं काम अर्ध्यावर होतं. बेबीनंदाबाई पीठ लागलेल्या हातांनी ओसरीवर धावत आल्या आणि जागच्या जागी थांबल्या. सुमेधा त्यांच्या आधीच मेन बटनापाशी पोचली होती.