शेवटचे दहा फूट

मी एक स्नोब्लोअर, बर्फ हटवणारं यंत्र. बर्फ गिळायचा आणि बाजूला थुंकायचा, एवढंच माझं काम. माणसांत ही सवय वाईट समजतात. मला मात्र त्यासाठीच दुकानात मांडून ठेवलं होतं. सध्या मी हुहतालांच्या गॅरेजात, जुन्या घसरगाडीच्या मागे उभा आहे. माझ्या मुठीला एक पुठ्ठा टांगलेला आहे. त्यावर काय लिहिलंय ते शेवटी सांगतो, कारण त्या दोन ओळी लिहायला एक अख्खा हिवाळा लागला.

आमचं गाव अमेरिकेत, सुपीरियर सरोवराच्या काठी. बर्फ नोव्हेंबरात मुक्कामाला येतो आणि एप्रिल उजाडला तरी निघायचं नाव काढत नाही. माणसं भेटली की आधी बर्फाची चौकशी करतात, मग एकमेकांची.

ऑक्टोबरात वाइनो हुहताला बायकोला, एल्माला, घेऊन दुकानात आला. म्हणजे खरं तर ती त्याला घेऊन आली. त्याचं वय बहात्तर, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जमीनमोजणी खात्यातून निवृत्त. ऑगस्टमध्ये त्याच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला होता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, की यापुढे फावड्याला हात लावायचा नाही.

दुकानाच्या लॉइसबाईंनी विचारलं, "गॅरेजपासून रस्त्यापर्यंत वाट किती लांब आहे?"

"बत्तीस फूट," वाइनो म्हणाला.

"बेचाळीस," एल्मा म्हणाली.

"शेवटचे दहा काउंटीचे. आपली हद्द लायलॅकच्या झुडपापाशी संपते. तिथली खुंटी मी स्वतः ठोकलीय."

"मग त्या दहा फुटांवरून गाडी काय उडवत नेतोस?"

लॉइसबाई अशा जोडप्यांना सरावलेल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "हद्द कुणाचीही असो, काउंटीचा फाळाचा ट्रक रस्ता साफ करताना तुमच्या वाटेच्या तोंडाशी बर्फाचा बांध टाकून जाणारच. मीठ मिसळलेला, दगडासारखा. त्याला हा लागेल." आणि त्यांनी माझ्या शेजारच्या थोराड यंत्रावर थाप मारली. त्याला लोखंडी दात होते. मला रबरी पाती. मी मऊ खाणारा, पथ्यावरचा माणूस असतो तसा.

एल्माचा हात त्या मोठ्याच्या दांडीवर गेला आणि तिथेच राहिला. वाइनोने मात्र मला पुढून धरून वीतभर उचलून दाखवलं. कुणाला दाखवलं, ते दुकानात सगळ्यांना कळलं.

"हाच बरा. तो विमानतळासाठी असतो. दारात उभा केला तर लोक म्हणतील, वाइनो संपला."

एल्माने दांडीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "ठीक आहे. हा तर हा. पण घरातलं एकूण एक फावडं आजच व्हर्लिनकडे जाईल."

व्हर्लिन म्हणजे शेजारी, आणि तो फाळाचा ट्रक चालवणाराही तोच. जो आमच्या दारात बांध टाकणार, त्याच्याच घरी आमची फावडी. माणसांच्या व्यवस्था अशाच असतात.

सुरुवातीचे दिवस माझे फार चांगले गेले. पहिला बर्फ पिठासारखा पडला. मी तो लायलॅकपर्यंत गिळत गेलो आणि एल्माने पुढच्या खोलीच्या खिडकीतून कॉफीचा कप उंचावला. वाइनो पेट्रोलसुद्धा मापाने घालायचा: बत्तीस फुटांना पुरेल एवढंच. दहा फूट काउंटीचे, तर त्यांचं पेट्रोलही काउंटीने घालावं, हा त्याचा हिशेबी बाणा.

मग बांध आला. कमरेएवढा. वाइनोने मला त्यावर घातलं. माझी पाती घसरली, मी मागे आलो. पुन्हा घातलं, पुन्हा मागे आलो. त्याच वेळी व्हर्लिन ट्रकमधून डोकावला.

"काय मोजणीसाहेब, दात आले नाहीत वाटतं याला अजून?"

"तुझा बांध तू उचल. जागा तुमची आहे."

"सगळ्यांचे उचलत बसलो तर मे महिना लागेल. एल्मालाही तो मोठाच हवा होता ना?"

वाइनोने मला मागे ओढलं. तो गॅरेजात आला, फ्रीझरच्या मागे हात घातला आणि कोळशाचं एक जुनं फावडं बाहेर काढलं. ते व्हर्लिनकडे गेलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मी खोटं बोलू लागलो. वाइनो मला लायलॅकपाशी चालू करून उभा करायचा आणि स्वतः बांधाशी फावडं मारायचा. स्वयंपाकघरातून ते झुडूप आणि त्यापलीकडचं काही दिसत नाही. फक्त माझा आवाज ऐकू जातो. एल्मा वेलदोड्याचा पाव मळताना तो ऐकायची आणि समजायची, यंत्र चालू आहे, म्हणजे नवरा सुखरूप आहे. मी जागच्या जागी गुरगुरत असायचो. तो चार फावडी मारायचा, छातीवर हात ठेवून थांबायचा, पुन्हा चार. मला हात असते तर फावडं हिसकावलं असतं. मला फक्त आवाज होता, आणि तोच त्याने भाड्याने घेतला होता.

एल्मा संध्याकाळी विचारायची, "बांध निघाला?"

"निघाला," तो म्हणायचा. यात अक्षरही खोटं नव्हतं. मोजणी खात्यातली माणसं अशीच बोलतात.

जानेवारीत तीन दिवस सलग बर्फ पडला. चौथ्या सकाळी बांध छातीएवढा होता. वाइनोची चारची दोन फावडी झाली, मग एक. मग तो त्या बांधाच्या उकरलेल्या कडेवर बसला, जणू शेताच्या बांधावर विसाव्याला बसावा तसा, आणि हळूहळू एका कुशीवर कलंडला.

मी गुरगुरतच राहिलो. आत एल्मा निर्धास्त असणार, कारण मी तिला सांगत होतो, सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे.

मग बत्तीस फुटांचं पेट्रोल संपलं. मी दोनदा खोकलो आणि बंद पडलो.

माझा आवाज थांबला म्हणून एल्मा दाराशी आली. "वाइनो?" तिने हाक मारली. परत मारली. मग ती पायात सपाता तशाच ठेवून धावली. आयुष्यात माझ्याकडून एकच चांगलं काम झालं, ते म्हणजे बंद पडणं.

वाइनो वाचला. म्हणजे खिडकीपर्यंत चालतो आणि तिथल्या खुर्चीत बसतो, यालाच वाचणं म्हणायचं असेल तर. त्याचा एक हात थंडी नसतानाही थरथरतो. व्हर्लिन आमच्या दाराशी आला की फाळ वर उचलतो, नियमात बसत नसलं तरी. शनिवारी त्याच्या पायरीवर एक पाव ठेवलेला असतो. आणि तो लोखंडी दातांचा आता माझ्या शेजारी उभा आहे. एल्मा स्वतः चालवते, थेट रस्त्यापर्यंत.

मला विकायचं ठरलं आहे. पुठ्ठ्यावर वाइनोने थरथरत्या पण सरळ अक्षरांत लिहिलं: "बत्तीस फुटांपर्यंत उत्तम." एल्माने वाचलं, त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं: "रस्ता बेचाळीसवर आहे."

वाइनोने ती ओळ बराच वेळ पाहिली. खोडली नाही.

मला नेणाऱ्याने जरूर न्यावं. मऊ बर्फाशी माझं अजून पटतं. फक्त दुकानात असो की गॅरेजात, कुणी विचारलं की वाट किती लांब आहे, तर पूर्ण सांगा. माझा आवाज ऐकून घरात कुणीतरी निश्चिंत बसलेलं असतं.