वाळत घातलेली विंडो

रक्त तपासणीच्या त्या खोलीत एक नियम होता. धोक्याचा आकडा आला की आधी वॉर्डला फोन करायचा, आणि तिकडे कुणीतरी तो ऐकून घेतला की मगच रिपोर्ट पुढे सोडायचा. फोन लागला नाही तर काय करायचं, हे नियमात नव्हतं. ते आक्कांनी ठरवलं होतं. अशा रुग्णाची विंडो माऊसने ओढून स्क्रीनच्या उजव्या कडेला न्यायची आणि अर्धी बाहेर लोंबकळत ठेवायची. याला खोलीत 'वाळत घालणं' म्हणत. पाळी बदलली की नवा माणूस खुर्चीत बसून आधी कडेला काय वाळतंय ते बघे आणि पहिला फोन तिथला लावे. तोंडाने सांगायची गरज नसे. एखाद्या नवख्याने काही बाकी आहे का म्हणून विचारलंच, तर आक्का म्हणत, "डोळे आहेत ना?"

आक्का त्या खोलीतल्या सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञ. दुपारच्या पाळीला त्यांची भाची असे, सख्ख्या बहिणीची मुलगी. घरी 'मावशी, तू' आणि खोलीत 'आक्का, तुम्ही', ही वाटणी दोघींनी भाची नोकरीला लागली तेव्हाच करून घेतली होती, आणि ती मोडली नव्हती. तिसरे प्रोफेसर, मधल्या पाळीचे. ते प्रोफेसर नव्हते, तेही तंत्रज्ञच. पण बाटलीचं झाकण कोणत्या दिशेने फिरवावं हेसुद्धा ते कारणांसकट समजावून सांगत.

संगणकांवर नवं अपडेट आलं, तेव्हा संगणक विभागाच्या माणसाने तिघांना सकाळी कामाआधी एकत्र बोलावलं. भाचीची पाळी दुपारची, तरी ती आली. या अपडेटबद्दल तिने बरंच वाचलं होतं.

"घड्याळ कुठे गेलं?" प्रोफेसरांनी विचारलं.

"वर गेलं."

"का?"

"नवीन डिझाइन आहे."

"खाली त्याला काय टोचत होतं?"

संगणकवाला हसला नाही. अशा खोल्या त्याला त्या आठवड्यात बऱ्याच करायच्या होत्या. "मुख्य बटण आता मधोमध असेल. लोकांना मधे सोपं जातं, असं पाहणीत दिसलंय."

"कोणत्या लोकांना? मला कुणी विचारलं नाही."

"तुम्हाला विचारलं असतं तर पाहणी अजून चालू असती," भाची म्हणाली.

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. मग त्याने पुढची सोय दाखवली. ज्या विंडोला अर्धा तास कुणी हात लावला नाही, ती आपोआप मिटून खालच्या कोपऱ्यातल्या एका चिन्हात जाऊन बसणार. चिन्हावर दाबलं की सगळा गठ्ठा उघडणार. काही हरवत नाही, फक्त स्क्रीन आवरलेली राहते.

"ते बंद करा," आक्का म्हणाल्या.

"का हो, आक्का?" भाचीने विचारलं.

"माझ्या टेबलावरचं मी आवरते. त्याला यंत्र कशाला?"

"पण तुम्ही आवरत नाही ना. दुपारी मी बसते तेव्हा कडेला नुसती रांग असते. त्यातले निम्मे फोन होऊन गेलेले असतात. कोणता झाला नि कोणता राहिला, हे मी कसं ओळखायचं? मग सगळ्या वॉर्डांना परत फोन लावत बसते आणि तिकडून बोलणी खाते. काढायचं विसरता तुम्ही."

"विसरते?"

"म्हणजे राहून जातं."

"सरळ म्हण ना, म्हातारी झाले म्हणून."

"तसं नाही म्हणत मी. पण तुम्हाला काही बदललेलं चालतच नाही. घरी सोफा हातभर सरकवला तरी तुम्ही दोन दिवस कुणाशी बोलत नाही."

प्रोफेसरांना हसू आलं. संगणकवाल्याने स्क्रीनकडे बघितलं. घरातली गोष्ट खोलीत आली होती, आणि ती आणणाऱ्या भाचीला ते बोलून झाल्यावर कळलं.

"तिन्ही मशीनवर सारखंच ठेवावं लागतं," संगणकवाला म्हणाला. "चालू ठेवू की बंद?"

भाचीने हात वर केला. थोडं थांबून प्रोफेसरांनीही केला. आक्का तोवर हातमोजे चढवून नमुन्यांच्या रॅकपाशी गेल्या होत्या. ती सोय चालू राहिली.

सकाळची पाळी संपत आली तेव्हा पुरुषांच्या वॉर्डातल्या एका रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम फार वाढलेलं दिसलं. इतकं की हृदयाचे ठोके बिघडावेत. नमुना खराब आहे का म्हणून आक्कांनी तो पुन्हा लावला. आकडा तोच आला. वॉर्डला फोन केला, तर लाइन व्यस्त. पुन्हा केला, तर नुसता वाजत राहिला. त्यांच्या हाताने ती विंडो उजव्या कडेला ओढली. सकाळी कशावरून वाद झाला, हे त्यांच्या डोक्यात होतं. हाताला ते माहीत नव्हतं.

तेवढ्यात आतल्या खोलीतलं मोठं यंत्र अडकलं आणि शिटी मारू लागलं. आक्का आत गेल्या. त्याची नळी सोडवून, धुऊन परत बसवायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला. त्या बाहेर आल्या तेव्हा भाची खुर्चीत बसत होती. एरवी जाताना आक्का निदान "येते गं" म्हणत. त्या दिवशी त्यांनी पर्स घेतली, खुर्चीच्या मागून गेल्या आणि स्क्रीनकडे न बघता दार लावून घेतलं.

स्क्रीन कोरी होती. भाचीने उजवी कड बघितली. तिथे काही वाळत नव्हतं.

"बघितलंत?" ती प्रोफेसरांना म्हणाली. "किती मोकळं वाटतं."

"मोकळं आहे खरं. पण घड्याळ बघायला मान वर करावी लागते. दिवसातून पन्नास वेळा बघणाऱ्याच्या मानेचं काय?"

"पन्नास वेळा बघू नका."

"आणि हे विंडोचे कोपरे गोल का केलेत?"

"लागू नयेत म्हणून."

दोघं हसले. भाचीने दुपारचे नमुने लावायला घेतले. प्रोफेसर अक्षरांचा आकार वाढवण्याची जागा शोधत होते आणि ती पूर्वी कुठे होती, तिथेच का असायला हवी होती, हे सांगत होते. ती अधूनमधून उत्तर देत होती. ती खुशीत होती. मावशी रुसली आहे, हे तिला जाणवत होतं. संध्याकाळी घरी जाऊन काढू समजूत, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

फोन वाजला. पुरुषांच्या वॉर्डातली सिस्टर होती.

"अहो, खिडकीजवळच्या पेशंटचं सकाळचं रक्त कुठे अडकलंय? त्यांचे ठोके बरोबर पडत नाहीयेत. डॉक्टर विचारतायत, पोटॅशियम किती?"

"बघते," भाची म्हणाली, आणि कुठे बघायचं ते तिला त्याच क्षणी कळलं. तिने कोपऱ्यातलं चिन्ह दाबलं. गठ्ठा उघडला. सगळ्यांत वर तीच विंडो होती. तिने आकडा वाचला. पलीकडून लगेच फोन ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख मॅडमनी सगळ्यांना बसवून घेतलं. रुग्ण अतिदक्षता विभागात होता. त्याचं हृदय मधे थांबलं होतं, ते पुन्हा सुरू करावं लागलं होतं. शाळेची बस चालवणारा माणूस होता, हे खोलीला तिथे समजलं. एरवी त्यांना रक्ताच्या नळीवरचा क्रमांक तेवढा समजे.

"सोय चुकीची नाही," संगणकवाला म्हणाला. "विंडो कडेला लोंबत ठेवणं म्हणजे निरोप असतो, हे त्या प्रणालीला कसं कळणार? मला तरी कुणी सांगितलं होतं का?"

"तिकडचा फोनही उचलला गेला नव्हता," प्रोफेसर म्हणाले. "पण मूळ कारण अपडेटच आहे. कालपर्यंत हे असं कधी झालं नव्हतं."

"पाळी बदलताना तोंडी काही सांगत नाही तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

भाचीने मान वर केली. "मॅडम, त्या वेळेला ती स्क्रीन कधीच कोरी नसते. मला शंका यायला हवी होती. मला बरं वाटलं. माझं म्हणणं खरं ठरलं, असं वाटलं."

"मी हिच्याशी बोलत नव्हते," आक्का म्हणाल्या. "फोन लागला नाही, एवढं एक वाक्य सांगायचं होतं. मी मुद्दाम काही न बोलता गेले."

मॅडमचं पेन थांबलं. "ते तुमचं आपापसातलं झालं. ते यात कशाला घालायचं?" त्यांनी पुढे लिहिलं: नव्या सोयीमुळे प्रलंबित निरोप दृष्टीआड गेला, सोय तातडीने बंद करावी.

"बंद करू नका," भाची म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"बंद केली की कडेला वाळत घालून आम्ही परत गप्प बसायला मोकळे."

"माझंही तेच म्हणणं आहे," आक्का म्हणाल्या.

पण प्रोफेसरांना ती नको होती, शेजारच्या दोन खोल्यांच्याही तक्रारी येऊन पडल्या होत्या. बैठक संपायच्या आत संगणकवाल्याने ती सोय सगळीकडे बंद करून टाकली. घड्याळ मात्र वरच राहिलं.

नंतरचे काही दिवस बसवाल्याची नळी रोज सकाळी अतिदक्षता विभागातून येत होती. पोटॅशियम खाली आलं होतं. बाकीचे आकडे चांगले नव्हते. दोघींपैकी कुणीही त्याबद्दल काही बोलत नव्हतं, पण नमुन्यांचा डबा आला की आक्का आधी ती नळी शोधत. भाची दुपारी आल्या आल्या त्याचा रिपोर्ट उघडून बघे.

मग एका सकाळी नळी आली नाही. दुपारीही आली नाही. खोलीत बसून याचा अर्थ लावता येत नाही. माणूस सुधारला की नमुना येणं बंद होतं, आणि गेला तरी बंद होतं. आजवर कधी कुणी फोन करून विचारलं नव्हतं, कारण ते खोलीचं काम नव्हतं.

आक्कांची पाळी संपली होती. पर्स खांद्याला होती. त्यांनी ती परत टेबलावर ठेवली आणि अतिदक्षता विभागाला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर कुणीतरी उचलला. आक्कांनी क्रमांक सांगितला, मग म्हणाल्या, "ते बस चालवतात, ते." त्या ऐकत राहिल्या. "शुद्धीवर?" त्यांनी विचारलं, आणि पुन्हा ऐकत राहिल्या.

भाची खुर्चीमागे उभी होती. ती बसली नव्हती.

आक्कांनी फोन ठेवला. "आज रक्त काढलं नाही, बाकी काही नाही. श्वास अजून मशीनवर आहे. डोळे उघडत नाहीत. मेंदूचा डॉक्टर संध्याकाळी येणार आहे, तो बघून सांगेल, सिस्टर म्हणाल्या."

"उघडतील का गं मावशी?"

प्रोफेसरांनी वळून बघितलं. भाचीच्या ते लक्षात आलं नाही.

"मला काय माहीत," आक्का म्हणाल्या. "संध्याकाळी तू फोन कर. उचलेपर्यंत कर. आणि काय म्हणाले ते मला घरी येऊन सांग. वाईट असलं तरी सांग."