उंबऱ्याबाहेरचं भगुनं

मी एक जुनं जर्मनचं भगुनं आहे. माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे की नाही, याची मलाच शंका वाटते. पण मित्रांनो, तुम्ही थांबलाच आहात, तर सांगून पाहतो.

'जर्मन' म्हणजे ॲल्युमिनियम. आमच्याकडे त्याला तसंच म्हणतात. केडगावच्या बाजारात तो शब्द पहिल्यांदा कानी आला, तेव्हा मला वाटलं, मी कुठल्या तरी दूरच्या देशातून आलो आहे. ज्योतिबाआबांनी मला टिचकी मारून आवाज ऐकला आणि सायकलला बांधून खुटबावला आणलं. आबांच्या वाडवडिलांनी मेंढरं राखली होती. आबांनी मात्र विहीर पाडून ऊस लावला होता.

घरी पोचल्यावर कळलं, की मला घरात जागा नाही. मटणाचं भांडं उंबऱ्याच्या आत येणार नाही, अशी त्या घरची रीत होती. परसात दगडांची चूल होती आणि तिच्याशेजारी मी पालथा पडलेला असे. पाहुणे आले, की आबांच्या पत्नी बयाबाई माझ्यात रस्सा शिजवायच्या. पाहुणे बोटं चाटत आणि माझ्या तळाशी काही उरलं आहे का, ते वाकून पाहत. मला अभिमान वाटायचा. तरी एक कुतूहल काही जात नव्हतं. त्या दाराच्या आत असतं तरी काय? पितळी तांब्याला विचारावं, तर तो पाहुण्यांना पाणी देऊन लगेच आत निघून जायचा.

पुढे गावच्या सप्त्यात बयाबाईंनी तुळशीची माळ घातली. माळ घातली, की मांस सुटतं. "ज्येच्यात जीव, त्येच्यात देव," एवढंच त्या म्हणाल्या. परसातली चूल विझली. त्यांचा भाऊ हौशीराम पाटसच्या साखर कारखान्यात होता. तो आला, की कुरकुरायचा, "अक्का, तुझ्या माळंनं माझ्या दातांना गंज चढला बघ."

मी अडगळ झालो. कोळ्यानं माझ्यात जाळं विणलं. पडल्या पडल्या मी विचार करायचो, एवढ्याशा लाकडी मण्यांत असं काय असेल?

बयाबाईंची नात धनश्री बोलायला लागली, पण पाऊल टाकेना. डॉक्टर झाले, औषधं झाली. शेवटी आबा बांधावरच्या म्हसोबाला नवस बोलले, "पोर चालू दे, बोकड दीन." त्यासाठी त्यांनी एक करडू आणलं. त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून त्याचं नाव चांद्या. धनश्री त्याचा कान धरून उभी राहायला शिकली आणि एक दिवस त्याच्यामागं चालत गेली. सगळं घर आनंदलं. मग सगळ्यांना आठवलं, की आता हाच बोकड आखाडात द्यायचा आहे.

तो उन्हाळा कडक होता. चांद्या लिंबाखाली धापा टाकायचा. बयाबाईंनी मला सुलटं केलं, जाळं झाडलं, हौदातून भरलं आणि त्याच्या पाठीवर ओतलं. चांद्यानं असं अंग झाडलं, की आम्ही सगळे भिजलो. धनश्री खिदळली. त्यानंतर हे रोजचंच झालं. हळूहळू चांद्याचं अंग झाडणं थांबलं. पाणी पडलं, की तो मान पुढं करायचा आणि धनश्री ती चोळायची.

"आजी, ह्यो आता उडवत का न्हाई?"

"सवय झाली त्येला," बयाबाई म्हणाल्या आणि पुन्हा मला भरायला वळल्या.

आखाड आला. भावकी जमली. हौशीराम सुरी घेऊन आला. "दाजी, भगुनं घ्या बरं का. लई दिस उपाशी हाय."

आबांचा चेहरा उतरला होता. बयाबाई म्हणाल्या, "नवस पोरीचा हाय, म्या न्हाई म्हणत न्हाई. पर रीतीनं देवाला इचारा."

मित्रांनो, रीत अशी होती. देवापुढं बोकडावर पाणी ओतायचं. त्यानं अंग झाडलं, तर देवानं तो स्वीकारला. तोवर सुरी उचलायची नाही.

आबांनी मला भरलं आणि चांद्यावर ओतलं. चांद्यानं शांतपणे मान पुढं केली. आबांनी पुन्हा ओतलं. तो डोळे मिटून उभा राहिला. धनश्रीनं त्याचा कान धरला होता.

"कानात वता, दाजी."

"कानात वतायची रीत न्हाई," आबा म्हणाले. त्यांनी मला खाली ठेवलं. "घेत न्हाई देव. पोरीवर रागावला तर नसंल?"

"घेत न्हाई म्हंजी सोडतोय," बयाबाई म्हणाल्या. "नारळ फोडा."

नारळ फुटला. चांद्या देवाला सोडलेला बोकड ठरला. पण जमलेल्यांना जेवू तर घालायचं होतं, आणि एवढं मोठं भांडं मीच होतो. बयाबाईंनी मला राखेनं घासलं, विस्तवावर तापवलं, पुन्हा घासलं आणि उचलून उंबऱ्याच्या आत नेलं. आत विशेष काही नव्हतं. एक मांडणी, एक जातं, कोनाड्यातले देव. मी मात्र पाहतच राहिलो.

गव्हाची खीर शिजू लागली. हौशीराम दारातून म्हणाला, "अक्का, त्या भगुन्यातलं तू खानार?"

"का न्हाई? आख्खा उन्हाळा चांद्यावर पानी वतण्याबिगर त्येनं केलंय काय? त्ये बी माळकरीच झालं की."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. हौशीरामनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा अक्काकडं.

"म्हंजी, त्येनं अंग झाडलं न्हाई ते..."

"मला ठावं हुतं," आबा म्हणाले. "पोरीचा फ्रॉक रोज वला असायचा."

"आन् देवाला फसवलंसा?"

आबा चुलीशी वाकले आणि खीर ढवळू लागले. "देवाला ठावं न्हवतं व्हय? त्यो बी बघतच हुता की उन्हाळाभर. गूळ वाढीव गं जरा."

पहिली वाटी बयाबाईंनी स्वतःला वाढून घेतली.

आता माझा काठ वाकला आहे, चुलीवर मी डुगडुगतो. म्हणून मला लिंबाखाली ठेवलं आहे. माझ्यातलं पाणी प्यायला कुत्री येतात, साळुंक्या येतात. चांद्याही म्हातारा होईपर्यंत येत असे. त्या दिवशी आबांनी देवाला फसवलं, की देवच त्यांना सामील होता, हे मला अजून कळलेलं नाही. कदाचित तुम्हाला कळेल. तोवर माझं एवढंच ऐका. तुमच्या दारातलं भांडं पालथं ठेवू नका. उन्हातून कुणाच्या रूपानं कोण येईल, काही सांगता येत नाही.