चंदाच्या हातच्या करंज्या

चंदा नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली तेव्हा पोळा नुकताच झाला होता. हातात एक पिशवी, कानाखाली काळानिळा वळ. बाप महादेवराव एवढंच म्हणाले, "आता तिकडं जाचं काम नाई." अकोल्याच्या कडेला त्यांचा फुलांचा मळा. तिथली शेवंती, झेंडू ते रोज पहाटे बाजारात नेत.

घरात चंदाला कुणी काही विचारलं नाही. बोलली ती गल्ली. चंदाची आई जमुना नळावर गेली की बायका गप्प होत आणि तिची पाठ वळली की कुजबुज सुरू होई. त्यात गंगूबाई सगळ्यांच्या पुढं. "नांदाची अक्कल पायजे पोरीले," असं ती मुद्दाम ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणे. चंदाने घराबाहेर पडणंच सोडलं.

ज्योत्स्नाबाईंचं त्या गल्लीतलं एकुलतं ख्रिस्ती घर. नाताळच्या आधी त्यांच्याकडे करंज्या करायला सगळ्या बायका जमत. दिवाळीत ज्योत्स्नाबाई त्यांच्याकडे जात, तसंच. या वर्षी त्या स्वतः जमुनाच्या दारात आल्या.

"चंदा कुठं हाय? चाल वं पोरी, रवा भिजवून ठेवला."

जमुनाने त्यांना बाजूला घेतलं. "बाई, तिले नका नेऊ. गंगूबाई येईन. तुमच्या सणात उगाच भांडण."

"सण माहा हाय न? मंग कोनाले बोलवाचं ते मी पाहीन."

चंदा गेली, मागोमाग जमुनाही. चंदा सारण भरायला बसली. थोड्या वेळाने गंगूबाई आली आणि दारातच थबकली.

"हिच्या हातचं खावाचं का आमी? नवरा सोडून आलेली!"

लाटणी थांबली. चंदा उठू लागली, तसा ज्योत्स्नाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बस तू. गंगूबाई, तुमीबी बसा. माह्या घरी दोघीयले जागा हाय."

गंगूबाई तणतणत निघून गेली. बाकीच्या बसल्या आणि तळण संपवूनच उठल्या.

संध्याकाळी ज्योत्स्नाबाईंनी करंज्यांच्या ताटावर रुमाल टाकला. "चाल जमुना, गंगूबाईकडं जाऊ."

"काहून? एवढं बोलल्यावर?"

"रविवारी चर्चमंदी माफ कराचं म्हनतो आमी. अन् घरी आल्यावर दार लावून घ्याचं, हे मले नाई जमत. तू काई बोलू नको, नुसती संग चाल."

गंगूबाई ओट्यावर एकटीच बसली होती. ज्योत्स्नाबाईंनी ताट पुढं केलं. "तुमच्याबिगर आमचा सण होत नाई. चंदानंच भरल्या या, लपवत नाई मी."

गंगूबाईने ताट घेतलं नाही. ज्योत्स्नाबाई ते हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग एकाएकी गंगूबाई बोलू लागली.

"माही लहान बहीण अशीच आली होती. मायनं वापस धाडली तिले. मीबी म्हनलं, जा."

"मंग?" जमुनाने विचारलं.

"मंग ते दिसलीच नाई कधी."

जमुना मनात भांडण घेऊन आली होती. आता ते तिला सापडेना. ती गंगूबाईच्या शेजारी टेकली. गंगूबाईने पदराने डोळे पुसले, एक करंजी उचलली आणि हळूहळू खाल्ली. "पोरीले लय वाईट बोलली मी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगूबाई जमुनाच्या दारात हजर. तिला पाहून चंदा आत सरकली.

"लपते काहून वं? ज्योत्स्नाबाईकडं सारण उरलं असन. चाल, दोघी जाऊ."

चंदाने आईकडे पाहिलं. जमुनाने होकाराची मान हलवली. दोघी नळासमोरून गेल्या. बायकांनी पाहिलं, पण गंगूबाईच सोबत म्हटल्यावर बोलणार कोण? एकीने तर बादली सरकवून चंदाला वाट करून दिली.

महादेवराव बाजारातून आले. घरात सामसूम बघून ते दचकले. "चंदा कुठं गेली?"

"बाहीर गेली," जमुना म्हणाली आणि तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी छाती मोकळी झाल्यासारखी वाटत होती.